पालथा खिळा

संपादकांनी सांगितलं, छापखान्याच्या आठवणी लिहा. मी म्हटलं, शिशाच्या अक्षरांचे खिळे गेले, शाईचा वास गेला, असलं रडगाणं मला जमणार नाही. खिळ्यांनी माझी कंबर मोडली आणि शिशानं बोटं काळी केली. ते गेले ते बरं झालं. मी लिहितो ते त्यानंतरच्या कामाबद्दल. इंटरनेटच्या पानावर अक्षर नीट उमटवायचं, हे माझं आणि माझ्या बायकोचं, शालनचं, शेवटचं काम. त्यातलं एक अर्धं राहिलं होतं आणि ती गेली. ते पुरं कसं झालं तेवढं सांगतो. सातवी शिकलेल्या माणसाचं लिहिणं आहे. ऱ्हस्व-दीर्घ संपादकांनी बघून घ्यावं.

शालन जाऊन वर्ष होत आलं होतं. दुकान बंदच होतं. सकाळी उठायचं, चहा स्वतःच करायचा आणि तो वाईट झाला म्हणून कुणाला बोलायचं, ते माणूस घरात नाही. अशात एक दिवस गौरी दारात आली. गौरी म्हणजे कोल्हापूरच्या मार्केट यार्डातल्या एका गुळाच्या व्यापाऱ्याची मुलगी. ही माणसं मूळची कुरुंदवाडकडची, घरात कानडी, दारात मराठी. पोरगी पुण्यात संगणकाचं काम करते, तिशीला आलेली, चांगली समजूतदार.

"काका, हे बघा. हे तुमच्याकडचंच न्हवं?" तिनं लॅपटॉप माझ्या मांडीवरच ठेवला.

पडद्यावर असं होतं: ºÉÉä¤ÉÉxÉä. आणि पुढं पानंच्या पानं तसलंच. डोक्यावर तिरक्या रेघा असलेली परकी अक्षरं, पोटात टिंबं, मध्येच फुल्या.

"आज्जीची गाणी हायत," गौरी म्हणाली. "शालनकाकीनं टाइप केल्याली. पप्पांनी पेनड्राइव्हवर घेऊन ठेवलीती. पुढच्या महिन्यात माझी हळद हाय. आज्जीचं सोबाने म्हणायचं ठरलंय, आन् आता कुणालाच धड येत न्हाय. मी म्हटलं, इंटरनेटवर एक पान करून टाकते, बायका मोबाइलवर बघून म्हणतील. तर उघडतंय हे."

सोबाने म्हणजे सीमेकडच्या घरातली बायकांची लग्नातली कानडी गाणी. प्रत्येक ओळ 'सोबाने' म्हणून संपते. गौरीची आज्जी गंगव्वा ती म्हणायची. ती शालनच्या आधीच गेली. म्हणजे गाणी सांगणारी गेली, लिहिणारी गेली, आणि राहिला हा कचरा.

"तुमच्या संगणकावर दिसंल की," गौरी म्हणाली.

"संगणक पुरात गेला बाई. पंचगंगेचं पाणी दुकानात छातीपतूर होतं. फॉन्टची तबकडी गेली, त्याचं कुलूप गेलं. ते कुलूप संगणकाच्या पाठीत खुपसलेलं असायचं, त्याशिवाय फॉन्ट उघडायचा न्हाय. आता सगळी भिस्त ह्या तुझ्या कचऱ्यावर."

"मग हे गेलं का?"

मी तिला सांगितलं, गेलेलं नाही. दिसत नाही एवढंच. आणि हे का ते तुम्हालाही सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही.

खिळ्यांच्या छापखान्यात लाकडी केस, म्हणजे पेटी, असते आणि तिला खण असतात. 'क' कुठल्या खणात, 'म' कुठल्या खणात, हे हाताला पाठ असतं. डोळे कॉपीवर, हात खणात. संगणकाचंही असंच आहे. तो अक्षर साठवत नाही, खणाचा नंबर साठवतो. दाखवायच्या वेळी त्या नंबरच्या खणात हात घालतो आणि जो खिळा लागेल तो पडद्यावर ठेवतो. आमच्याकडं संगणक आला तेव्हा केस परक्यांची होती, मराठीला जागाच नव्हती. मग फॉन्ट करणाऱ्यांनी काय केलं, फ्रेंच-जर्मन लोकांची टिंबाची आणि रेघेची अक्षरं होती त्या खणांतून ती बाहेर काढली आणि तिथं आपला काना, आपली मात्रा ओतली. आमच्या दुकानात ते झकास चालायचं, कारण केस आमची होती. पण तीच फाईल दुसऱ्याकडं गेली की तो त्याच नंबरच्या खणात हात घालणार आणि त्याच्या हाताला त्याच्या केसमधला खिळा लागणार. गौरीच्या पडद्यावरचा कचरा म्हणजे आमचाच काना आणि आमचीच मात्रा होती, फक्त केस दुसऱ्याची होती.

हे आम्हाला पहिल्यापासून कळत होतं असं समजू नका. आम्ही ते गिऱ्हाइकाच्या शिव्या खाऊन शिकलो.

चप्पल लाईनीत बाळू नावाचा गिऱ्हाईक होता. त्याला परदेशात चपला विकायच्या होत्या, पण पान मराठीतच पाहिजे होतं. म्हणायचा, मराठीतच बघूदेत की, चप्पल आपली हाय. आम्ही पान केलं. माझ्या पडद्यावर ते सोन्यासारखं दिसत होतं. बाळूनं दुकानात येऊन बघितलं, खूश झाला, चहा पाजला. चार दिवसांनी त्याचा फोन.

"काय वो, माझ्या पानावर कुणी करणी केलीया का?"

"का? काय झालं?"

"जावयाच्या घरी गेलतो. म्हटलं बघा सासऱ्याचं दुकान. उघडलं तर सगळी टिंबं आन् रेघा. जावई म्हणतोय, मामा, तुम्ही चपला विकतायसा का गंडे-दोरे?"

मी म्हटलं, माझ्याकडं तर बरोबर दिसतंय. तो म्हणाला, "मग गिऱ्हाइकांना एकेक करून तुमच्या दुकानात आणू का?"

शालन शेजारी बसून ऐकत होती. टायपिंग तिचं, पान लावणं माझं, अशी आमची वाटणी होती. तिची मॅट्रिक झाली होती, टायपिंगची परीक्षाही दिली होती, आणि बोटं माझ्यापेक्षा चलाख. फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "मालक, प्रूफ आपल्या घरात बघून चालायचं न्हाय. दुसऱ्याच्या घरात जाऊन बघाया पायजे." तेव्हापासून आमचा तो नियम झाला. पान केलं की ती पिशवी घेऊन निघायची. कॉलेजजवळच्या कॅफेत बसायची, तिथनं बहिणीच्या घरी, तिथनं बँकेतल्या ओळखीच्या बाईकडं. जिथं पडदा दिसेल तिथं आमचं पान उघडायची. लोक म्हणायचे, ही बाई दुसऱ्यांच्या घरी टीव्ही बघायला जावी तशी संगणक बघायला जाते.

दुसरा धडा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतला. तिथं एका जैन घरातल्या अण्णांचा लोखंडी सुटे भाग ओतायचा कारखाना होता. बाप शेती करायचा, अण्णांनी भट्टी घातली. त्यांना जर्मन गिऱ्हाईक मिळालं होतं आणि त्या पाहुण्याचं नाव पानावर स्वागताला घालायचं होतं. त्या नावात एका अक्षराच्या डोक्यावर दोन ठिपके. माझ्या केसमध्ये त्या खणात मराठी मात्रा बसलेली. मग मी जुनी युक्ती केली. साधं अक्षर घेतलं, ठिपके वेगळे घेतले आणि मापात वर नेऊन बसवले. खिळ्यात आम्ही असंच करायचो, कानशीनं घासून दोन खिळ्यांचा एक करायचो. डोळ्याला दिसलं म्हणजे झालं.

अण्णा गाडी घेऊन दुकानात आले. आवाज गाडीच्या हॉर्नसारखा.

"पावण्याला गंध लावाया गेलो आन् ते शेजारच्याच्या कपाळाला लागलं."

"म्हणजे काय झालं अण्णा?"

"आवो, त्येच्या नावावरचं ठिपकं खालच्या ओळीत घसरल्यात. खाली त्येच्या बायकोचं नाव हाय. आता ठिपकं तिच्या डोस्क्यावर."

पाहुणा चांगला होता, हसला म्हणे. पण मला त्या दिवशी कळलं की या कामात डोळ्याला दिसलं म्हणजे झालं, असं नाही. ठिपक्यांचं अक्षर हे आख्खं एकच अक्षर आहे, त्याचा खण वेगळा. अण्णांच्या मापांतली गोलात तिरकी रेघ मारलेली व्यासाची खूण वेगळी, अंशाचा गोल वेगळा. प्रत्येकाला स्वतःचा खण पाहिजे.

आणि तसे खण झाले. युनिकोड म्हणतात ते हेच. सगळ्या जगाची एकच केस. मराठीचे खण वेगळे, कानडीचे वेगळे, जर्मनांचे ठिपके त्यांच्या घरी. पानाच्या डोक्यावर एक ओळ लिहायची की हे पान त्या केसमधून जुळवलंय, म्हणजे कुणाच्याही संगणकाचा हात बरोबर खणात जातो. मी पहिल्यांदा शालनच्या बहिणीच्या घरी आमचं तसलं पान उघडलं, आणि 'कोल्हापूर' हे नाव कोल्हापूरसारखंच दिसलं. शालन म्हणाली, आता मला पिशवी घेऊन हिंडायचं काम न्हाय. तरी हिंडत राहिलीच.

पण गंगव्वाची गाणी त्याच्या आधीची. ती जुन्या केसमधली.

गंगव्वा मुलाबरोबर गुळाच्या गाडीतून यायची. मुलगा यार्डात सौद्याला जायचा आणि म्हातारी आमच्या दुकानात बसायची. लग्नपत्रिका करायला म्हणून आली होती, शालनशी गप्पा लागल्या आणि गाणी निघाली. शालनला कानडी येत नव्हतं. म्हातारी म्हणायची, ही ऐकून मराठी अक्षरात टाइप करायची. पण कानडीत काही आवाज आपल्यापेक्षा आखूड असतात. आपण 'ए' म्हणतो तो लांब. त्यांच्यात एक लांब आणि एक आखूड. शालन लांब टाइप करायची आणि वाचून दाखवायची.

"हंगल्ल," म्हातारी म्हणायची. म्हणजे तसं नव्हे. "ऎण्णे. आखूड म्हण. तू वडून वडून तेल सांडलंस सगळं."

ऎण्णे म्हणजे तेल. हळदीच्या गाण्यात हळद आणि तेल आलंच. शालन हसायची आणि पुन्हा म्हणून बघायची. म्हातारी म्हणायची, हंगल्ल. मी पत्रिकेची पानं लावत बसलेला असायचो आणि मला वाटायचं, ह्या दोघी काय काम करतायत का भांडतायत.

गाणी सगळी टाइप झाली. प्रूफ वाचायचं राहिलं होतं. म्हातारी म्हणाली, पुढच्या खेपेला वाचून दाखव. पुढच्या खेपेआधीच म्हातारी गेली. पुढं काही वर्षांनी पूर आला, दुकान गेलं, आणि नंतर शालनचं दुखणं. दवाखान्यात ती मला एकदा म्हणाली, "आज्जीच्या गाण्याचं प्रूफ राहिलंय बघा." मी म्हटलं, बघू. प्रूफ वाचायला आज्जी कुठून आणणार होतो.

म्हणून गौरीनं लॅपटॉप मांडीवर ठेवला तेव्हा मला आधी ते प्रूफ आठवलं. शालननं माझ्याकडं मागितलेली ती शेवटची गोष्ट होती.

गौरीनं जुन्या खणातलं नव्या खणात नेणारी युक्ती शोधून काढली. असल्या युक्त्या आता मिळतात, कचरा एका बाजूनं घातला की दुसऱ्या बाजूनं मराठी बाहेर पडतं. तिनं कळ दाबली आणि पडद्यावर 'सोबाने' आलं. मी चष्मा काढून पुसला. शालनची ओळ होती. ती दोन शब्दांत जरा जास्त मोकळी जागा सोडायची, मी नेहमी ओरडायचो. ती जागासुद्धा तशीच होती.

पण गाण्यात जागोजागी चौकोन होते. रिकामे, छोट्या खिडकीसारखे. संगणकाला खिळा मिळाला नाही की तो चौकोन ठेवतो.

आम्ही दुसरी युक्ती लावली, तिसरी लावली. चौकोन तिथल्या तिथं. मी म्हटलं, फाईल सडलीय, पेनड्राइव्हला पाणी लागलं असंल. गौरी एकेक चौकोन तपासत होती. मग म्हणाली, "काका, सडलेलं असं शिस्तीत सडत न्हाय. हे चौकोन वाट्टेल तिथं न्हाईत. गाण्यात ठराविक जागीच हायत. आन् मूळ फाईलीत सगळ्यांचा नंबर एकच हाय." तिनं तो नंबर मला सांगितला. "ह्या खणात तुमच्याकडं काय होतं?"

नंबर मला काय कळतोय. मी म्हटलं, फॉन्ट कुठला लिहिलाय बघ. तिनं बघितलं. तेवढ्या अक्षरापुरता फॉन्ट वेगळा होता, नक्षीचा. लग्नपत्रिकेच्या कडेला वेलबुट्टी लावायला आम्ही वापरायचो तो. आणि त्यातली आम्ही वापरायचो ती खूण एकच, पाच पाकळ्यांचं फूल.

"गाण्याच्या मधी फूल कशाला घालंल कुणी?" गौरी म्हणाली.

आणि मला पालथा खिळा आठवला.

हे बाहेरच्या माणसाला माहीत असायचं कारण नाही. खिळे जुळवताना एखादा खिळा संपला, किंवा कॉपीतला शब्द लागला नाही, तर जुळारी थांबत नाही. त्या जागी हाताला येईल तो खिळा पालथा घालतो, तोंड खाली, बूड वर. प्रूफ काढलं की तिथं बुडाचा काळा ठसा उमटतो. तो ठसा म्हणजे चूक नव्हे. तो म्हणतो, इथं काम राहिलंय, विचारून घ्या, मग योग्य खिळा बसवा. शालन माझ्याशी लग्न करून आली तेव्हा पहिल्यांदा तिला मी छापखान्यात हेच दाखवलं होतं. तिला लई मजा वाटली होती. संगणकात खिळा पालथा घालता येत नाही. म्हणून ती फूल ठेवायची. जिथं जिथं गंगव्वा 'हंगल्ल' म्हणाली होती आणि केसमध्ये तो आखूड आवाज मिळाला नव्हता, तिथं तिथं शालननं फूल ठेवलं होतं. विचारून घ्यायचं म्हणून.

गौरीला मी हे सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे बिघडलंय असं काय न्हाय. काकीनं आपल्याला प्रश्न विचारून ठेवल्यात."

"व्हय. पण उत्तर कोण देणार? तुझी आज्जी गेली."

"सण्णज्जी हाय की," गौरी म्हणाली.

सण्णज्जी म्हणजे धाकटी आज्जी, गंगव्वाची लहान बहीण शांतव्वा. कुरुंदवाडात घाटाजवळ राहते. आम्ही दुसऱ्या दिवशी गेलो. म्हातारी सोप्यात शेंगा फोडत बसली होती.

"कोन पावणं?" तिनं मला विचारलं.

गौरीनं सांगितलं. ज्यांच्या दुकानात आज्जीची गाणी टाइप झाली ते काका.

"मालकीण आली न्हाय?"

"गेली," मी म्हटलं.

तिनं शेंग फोडली, दाणे माझ्या हातावर ठेवले. "माझं मालकबी गेलं," म्हणाली. एवढंच. मला बरं वाटलं. वर्षभर लोक माझ्याशी लांबण लावून बोलत होते.

गौरीनं लॅपटॉप उघडून पहिली ओळ वाचून दाखवली आणि विचारलं, इथं कसं म्हणायचं? म्हातारीनं तोंड फिरवलं.

"सोबाने वाचत न्हाईत. म्हनत्यात. आन् हळद न्हाय, नवरी न्हाय, असं उगं म्हनत न्हाईत."

"सण्णज्जी, नवरी मीच हाय की. पुढच्या महिन्यात."

"मग पुढच्या म्हैन्यात बघू. तेबी मी कशाला? मला काय हळदीत पुढं बसवत न्हाईत. मालक गेल्यापासनं मी मागं, भांड्यापाशी."

मला ते लागलं. मी विधुर झालो त्यानंतर दोन लग्नांत गेलो होतो. मला कुणी मागं बसवलं नव्हतं. उलट पहिल्या पंगतीला बसवलं होतं.

गौरी उठली. आत गेली आणि हळदीची वाटी घेऊन आली. म्हातारीच्या पुढ्यात बसली आणि हात पुढं केला. "माझ्या हळदीला तूच म्हणायचीस. पुढं बसून. तू न्हाईस तर सोबाने न्हाय आन् हळदबी न्हाय. आता लाव."

म्हातारीनं शेंगा बाजूला सारल्या. मग बोट बुडवलं आणि गौरीच्या मनगटावर ओढलं. मग लॅपटॉपकडं बघितलं. "ह्येबी गानं म्हननार हाय न्हवं? मग ह्येलाबी लागूदे." आणि लॅपटॉपच्या कोपऱ्यावर हळदीचं बोट उमटलं. गौरी पुण्यात तो लॅपटॉप अजून तसाच वापरते.

मग शांतव्वा म्हणायला लागली.

"अरिशिण ऎण्णे तन्निरे, सोबाने." हळद-तेल आणा गं. आवाज चिरका, पण कुठं अडखळत नव्हती. गौरी ओळीवर बोट धरून ऐकत होती. फूल आलं की ऐकलेला आवाज टाइप करायची आणि फूल काढायची. नव्या केसमध्ये त्या आखूड 'ए'लासुद्धा खण आहे, वर वाकडा आकडा असलेला. म्हातारी मध्येच थांबून म्हणायची, "काय लिवलंस? म्हन बगू." गौरी म्हणायची. "हंगल्ल," म्हातारी म्हणायची. अगदी बहिणीसारखंच. मी कोपऱ्यात शेंगा फोडत बसलो होतो. शालन कीबोर्डशी असायची आणि मी पत्रिकेची पानं लावत असायचो, तसंच.

एकेक करून फुलं संपत आली. मग एक ओळ आली, तिच्यात सुरुवातीलाच फूल होतं. म्हातारी त्या जागी थांबली आणि पुढं म्हणाली, "मैगे हच्चिरे, सोबाने." अंगाला लावा गं.

"पण फुलाच्या जागी काय?" गौरीनं विचारलं.

"तितं काय न्हाय."

"काय न्हाय कसं? काकीनं फूल ठेवलंय."

"अगं, तितं नवरीचं नाव यतंय. जिची हळद तिचं. ते कसं लिवनार? आज तुजं, उद्या दुसरीचं." आणि तिनं ओळ पुन्हा म्हटली, "गौरव्वन मैगे हच्चिरे, सोबाने." गौरीच्या अंगाला लावा गं.

गौरी फूल खोडायला निघाली होती. मी म्हटलं, ते फूल काढू नको. ते फूल शालननं अडलं म्हणून ठेवलं होतं, की तिला कळलं होतं म्हणून, हे आता मला कोण सांगणार. पण ते बरोबर जागी होतं.

पान तयार झालं. आता प्रूफ. मी शालनची पिशवी घेतली आणि निघालो. शांतव्वाच्या गल्लीत घरोघर गेलो, म्हटलं, तुमचा मोबाइल दावा. बायका आधी घाबरल्या, मग मज्जा बघायला गोळा झाल्या. नव्या मोबाइलवर सगळं नीट. जुन्या दोन-तीन मोबाइलवर आखूड 'ए'च्या जागी पुन्हा चौकोन. खण होता, पण त्या मोबाइलच्या केसमध्ये त्या खणात खिळाच नव्हता. गौरीला फोन केला. ती म्हणाली, मग खिळे आपणच पानाबरोबर पाठवू. म्हणजे पान उघडलं की फॉन्टही त्याच्याबरोबर जातो, मोबाइलमध्ये असो वा नसो. तिनं तिकडं काहीतरी केलं, मी इकडं पुन्हा गल्लीभर हिंडलो. चौकोन गेले. एका बाईच्या मोबाइलवर शालनचं फूल गुलाबी रंगात दिसलं, बाकीच्यांचं काळं. ती म्हणाली, माझंच भारी हाय. बाकीच्या तिला म्हणाल्या, तुझ्या नवऱ्यानं मोबाइल तसला घेतलाय.

प्रूफ झाल्यावर गौरीनं मला एक विचारलं. खाली तुमची नावं घालू का? मी म्हटलं, छापखान्याचं नाव पुस्तकावर येतं, जुळाऱ्याचं कधी येत नाही. तिनं माझं ऐकलं नाही. शेवटच्या गाण्याच्या खाली तिनं एकच ओळ घातली: सांगणारी गंगव्वा, जुळणी शालन. मला ती हळदीच्या दिवशीच दिसली.

हळद कुरुंदवाडात झाली. शांतव्वा पुढं बसली, हिरवं लुगडं नेसून. कुणीतरी मागनं कुजबुजलं, गौरीनं मान वळवून बघितलं, कुजबूज थांबली. बायकांनी मोबाइल काढले. शांतव्वा ओळ उचलायची, बाकीच्या पडद्यावर बघून मागनं म्हणायच्या. मी दारात उभा होतो. अक्षर कुणाचं घसरतंय का, चौकोन येतोय का, एवढ्यावरच माझं लक्ष. एक ओळ नीट गेली, दुसरी गेली. फूल आलं आणि सगळ्या एकदम म्हणाल्या, "गौरव्वन." कुणाला सांगावं लागलं नाही.

शेवटचं गाणं संपलं. शांतव्वा थांबली. पण पोरीबाळींचं लक्ष पडद्यावर होतं, आणि पडद्यावर अजून एक ओळ होती. त्यांनी ती त्याच चालीत म्हटली:

"सांगनारी गंगव्वा, जुळनी शालन, सोबाने."

सोबाने पडद्यावर नव्हतं. ते त्यांनी आपणच लावलं.

शांतव्वानं वळून माझ्याकडं बघितलं आणि मग तिनंही तीच ओळ पुन्हा उचलली, पुढं होऊन, मोठ्यानं. सगळ्या तिच्या मागनं.

हळद झाल्यावर गौरी पिवळ्या हातानंच माझ्याकडं आली. "काका, ती ओळ चुकून म्हटली बायकांनी. मधी एक रेघ मारून वेगळी करू का? न्हायतर पुढच्या हळदीतबी म्हणतील."

मी म्हटलं, "ऱ्हाऊदे. प्रूफ बरोबर हाय."